खोक्याच्या मापाने ठरलेलं सापाचं घर

अमेरिकेत किंवा युरोपात सापांची पैदास करणाऱ्याच्या खोलीत काचेच्या पेट्या फारशा दिसत नाहीत. दिसते ती जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत गेलेली मांडणी. तिच्या प्रत्येक खणात ड्रॉवरसारखा सरकणारा प्लॅस्टिकचा टब आणि प्रत्येक टबात एक साप. हीच रॅक. साप पाळणाऱ्यांमध्ये तिच्यावरून उघड दोन तट आहेत: काहींना ती सापासाठी सर्वांत निर्धोक जागा वाटते, काहींना कोंडवाडा.

रॅकच्या आधीचा काळ पाळीव सापांसाठी वाईटच होता. विक्रीला येणारे बहुतेक साप रानातून पकडलेले असत. अंगावर गोचिड, पोटात जंत आणि भीतीने अन्न सोडलेलं. काचेच्या उघड्यावाघड्या पेटीत असा साप तग धरत नसे. बंदिवासात पैदास करण्याचा मार्ग दाखवणाऱ्यांत जॉर्जिया राज्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. बर्नार्ड बेक्टेल यांचं नाव मोठं आहे. उत्तर कॅरोलिनात सापडलेल्या एका अल्बिनो, म्हणजे अंगात काळं रंगद्रव्य नसलेल्या, कॉर्न स्नेकपासून (हा अमेरिकेतला बिनविषारी साप) त्यांनी पिढ्या वाढवल्या आणि हा रंग अप्रभावी जनुकातून, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलं तरच परिणाम दाखवणाऱ्या जनुकातून, उतरतो हे १९६२ मध्ये शोधनिबंधातून दाखवून दिलं. पुढे वन्यजीवांच्या व्यापारावरचा साइट्स करार १९७३ मध्ये झाला आणि १९७५ मध्ये अमलात आला. रानातला माल मिळवणं अवघड होऊ लागलं, तशी घरच्या पैदाशीला किंमत आली.

पण पैदास म्हणजे संख्या. एका मादीची पिल्लं डझनभर असली तरी प्रत्येकाला वेगळं ठेवावं लागतं. एकत्र ठेवली तर कोणी खाल्लं, कोणी नाही, आजारी कोण, काहीच कळत नाही. शिवाय काही जातींत एकमेकांना गिळण्याचीही भीती. इथे मदतीला आले ते दुकानात मिळणारे बूट आणि स्वेटर ठेवायचे प्लॅस्टिकचे डबे. स्वस्त, धुवायला सोपे, ओल धरणारे. अर्धपारदर्शक असल्याने आतल्या सापाला आडोसाही मिळे. पैदासकार लाकडाच्या किंवा लॅमिनेट केलेल्या फळ्या डब्याच्या मापाने कापून रॅक ठोकू लागले.

त्यातली खरी युक्ती झाकण काढून टाकण्यात आहे. वरच्या खणाची फळीच टबाचं झाकण होते. म्हणून टबाची कड आणि फळी यांत दोन-तीन मिलिमीटरांपेक्षा जास्त फट राहता कामा नये. त्याहून मोठ्या फटीतून नुकतं अंड्यातून आलेलं पिल्लू निसटतं. हवेसाठी टबाच्या बाजूंना तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नने भोकं पाडतात. मागच्या कडेला हीट टेप बसवतात. फरशीखाली ऊब देण्यासाठी जी पातळ विद्युत फिल्म वापरतात, त्याच प्रकारची ही पट्टी. ती टबाच्या मागच्या तिसऱ्या हिश्शाखालीच असावी लागते, म्हणजे बॉल पायथनला (हा आफ्रिकेतला लहान अजगर) एका टोकाला ३१-३२ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २६ च्या आसपास मिळतं. साप आपली ऊब जागा बदलून राखतो, त्यामुळे हा फरक त्याच्या पचनासाठी अत्यावश्यक आहे. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या उपकरणाशिवाय, ही पट्टी लावणं मला अक्षम्य वाटतं. पोट भाजलं तरी साप तिथून वेळेवर हलेलच असं नाही.

रॅकला खरं बळ दिलं ते पश्चिम आफ्रिकेच्या बॉल पायथनने. घाना, टोगो आणि बेनिनमधून हे साप मोठ्या संख्येने येत. १९९२ मध्ये अमेरिकेत बॉब क्लार्क यांच्याकडे अल्बिनो बॉल पायथनची पैदास झाली आणि रंगांची शर्यत सुरू झाली. नवे मॉर्फ, म्हणजे वेगळ्या रंगा-नक्षीचे वाण, हजारो डॉलरला विकले जाऊ लागले, खोल्या रॅकने भरल्या. मागणी रंगाची होती. सापाच्या हालचालीची, चढण्याची, खणण्याची विचारपूस मागे पडली. ‘स्पायडर’ मॉर्फच्या डोक्याला कंप असतो, तोल जातो, तरी तो वर्षानुवर्षं विकला गेला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या सापांच्या आतल्या कानाची रचनाच बिघडलेली आढळली.

माझा आक्षेप रॅकच्या मापावर आहे. टब किती मोठा, हे मुळात सापाने नाही, स्वेटरच्या डब्याने ठरवलं. जर्मनीत १९९७ पासून सरकारी मार्गदर्शक मापं आहेत आणि ती सापाच्या लांबीच्या पटीत दिलेली आहेत: बॉल पायथनच्या पेटीची लांबी निदान सापाएवढी आणि उंची त्याच्या पाऊणपट. साध्या रॅकचा बुटका टब यात बसतच नाही. पिल्लांसाठी, आजारी किंवा नव्याने आणून वेगळ्या ठेवलेल्या सापासाठी रॅक उत्तम आहे; मोठ्या सापाला त्यात वीस-पंचवीस वर्षं काढायला लावणं मला पटत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे इथले साप घरी पाळता येत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतले परदेशी प्राणीही कायद्याच्या कक्षेत आले आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. तरी मागणी आहेच. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत दडवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. रॅकमध्ये सर्वाधिक वाढवल्या जाणाऱ्या जातींपैकीच या दोन.