निखाऱ्यांवरची ब्राउनी खालून करपते आणि मधे कच्ची का राहते?

ग्रिलवर पहिल्यांदा ब्राउनी केली तेव्हा पंधराव्या मिनिटाला मस्त खमंग वास सुटला, विसाव्या मिनिटाला तोच वास कडवट झाला, आणि भांडं उतरवून सुरी घातली तर तळाला काळीकुट्ट पापडी आणि मधे चक्क पातळ मिश्रण. मला वाटलं आच जास्त झाली. पण खरी भानगड आच किती यापेक्षा ती कुठून येते यात होती.

ओव्हनमधे 175-180 अंश सेल्सिअसची हवा आणि साधारण तेवढ्याच तापलेल्या भिंती भांड्याला चहूबाजूंनी वेढून असतात. ग्रिलमधे मात्र खाली लालबुंद निखारे, त्यांचं तापमान सहज 700 अंशांच्या घरात जातं. आणि तापलेली वस्तू किरणांवाटे जी उष्णता फेकते ती तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, हे भौतिकशास्त्रज्ञ स्टेफानने 1879 मधे मांडलं आणि बोल्ट्झमन या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने 1884 मधे सिद्धांताने दाखवून दिलं. तापमान केल्विनमधे धरायचं (सेल्सिअसमधे 273 मिळवायचे), म्हणजे 180 चे झाले 453 आणि 700 चे 973, जेमतेम दुपटीहून थोडं जास्त, पण चौथा घात काढला की निखाऱ्याचा मारा ओव्हनच्या भिंतीच्या सुमारे 21 पट होतो! मला हा आकडा कळला आणि तो काळा तळ डोळ्यासमोर आला.

बरं, हा मारा पीठ वर पोचवू शकत नाही. ब्राउनीचं मिश्रण उष्णता फार हळू पुढे सरकवतं, आणि आत पाणी आहे तोवर मधलं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही. त्यात साखर भरपूर, आणि साखरेमुळे अंड्यातली प्रथिनं आणि मैद्यातला स्टार्च नेहमीपेक्षा जास्त तापमानाला घट्ट होतात. म्हणजे मधल्या भागाला निवांत वेळ हवा आणि तळाला तो मिळतच नाही.

म्हणून निखारे सगळे एका बाजूला सारायचे, भांडं दुसऱ्या बाजूला ठेवायचं आणि झाकण लावायचं, की किरण थेट लागत नाहीत आणि आत फिरणारी गरम हवाच बरंचसं काम करते. जागा कमी असेल तर भांड्याखाली एक चकचकीत अॅल्युमिनियमचा ट्रे उलटा घाला, चकचकीत पृष्ठभाग बहुतेक किरण परतवून लावतो आणि मधल्या हवेच्या फटीतून उष्णता सावकाश येते. झाकणावरच्या तापमापकाच्या काट्यावर मात्र विसंबू नका, तो घुमटाजवळची हवा मोजतो, जाळीवरची नाही. मी आधी जाळीभर पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइस मांडते, दोनचार मिनिटांनी उलटून बघते, कुठली काळी पडली कुठली नुसती सोनेरी झाली, की जाळीचा नकाशाच हातात येतो.

झाकण सारखं उघडण्याचा मोह आवरा. गरम हवा तर निघून जातेच, पण निखाऱ्यांना एकदम ऑक्सिजन मिळून ते भडकतात, म्हणजे वर गार आणि खाली जास्त गरम, आपल्याला नको नेमकं तेच.

धुराची गंमत वेगळीच. लाकडातलं लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) जळताना ग्वायकॉलसारखी सुगंधी द्रव्यं सुटतात, ती तेलातुपात चांगली विरघळतात, आणि ब्राउनीत लोणी आणि कोको बटर दोन्ही असतं, त्यामुळे अगदी थोडा धूर पुरतो, जास्त झाला तर चॉकलेट मागे पडतं. (कोळशाचा ग्रिल पाऊस आला म्हणून घरात घेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.)

झाली की नाही हे रंगावरून कळणार नाही, कारण कोकोच काळा. मधे काडी घाला, ओलसर कण चिकटले पण पातळ मिश्रण नाही आलं, की उतरवा. भांडं बीडाचं असेल तर त्याच्याही थोडं आधी, कारण बीड उष्णता धरून ठेवतं आणि जाळीवरून काढल्यावरही ब्राउनी बराच वेळ आतून शिजत राहते.