रोज आणि पगार: ताशी 80 रुपये म्हणजे वर्षाला किती?

ताशी 80 रुपये, आठ तासांची पाळी, आठवड्याला एक सुट्टी. हे काम धरायचं, की महिना 16,000 पगाराची नोकरी?

मोबाइलवरच्या बऱ्याच पगार-कॅल्क्युलेटरमध्ये ताशी दर 80 टाकला की वर्षाचे 1,66,400 रुपये येतात. त्यामागे 2080 तासांचं वर्ष आहे: आठवड्याला 40 तास, 52 आठवडे. हा अमेरिकेतला पाच दिवसांचा हिशेब. आपल्याकडे कारखान्यात, गोदामात, दुकानात आठवडा बहुतेक सहा दिवसांचा, 48 तासांचा असतो. 48 गुणिले 52 म्हणजे 2496 तास, आणि त्याचे होतात 1,99,680 रुपये. दर तोच, पण उत्तरात 33,280 रुपयांचा फरक.

महिन्याची कमाई काढताना बरेच जण आठवड्याच्या पैशांना चारने गुणतात. दिवसाचे 640, सहा दिवसांचे 3,840, चार आठवड्यांचे 15,360. पण बारा महिन्यांत असे 48 आठवडेच धरले जातात आणि चार आठवडे हिशेबातून गळतात. म्हणून रोजाला, म्हणजे दिवसाच्या मजुरीला, 26 ने गुणायचं: 16,640. बारा महिन्यांचे 312 दिवस होतात; 365 मधून 52 रविवार काढले तर 313 उरतात. जवळपास तेच.

आता 16,640 हे 16,000 पेक्षा जास्त दिसतात, आणि इथेच माणूस फसतो. रोज हजेरीवर मिळतो. 28 दिवसांच्या फेब्रुवारीत चार रविवार गेले की 24 हजेऱ्या, म्हणजे 15,360. पगारवाल्याला त्या महिन्यातही पूर्ण पगार. वर्षात सणांचे 8 दिवस, दिवाळीत काम बंद असलेले 5, ताप-सर्दी आणि गावाकडची कामं मिळून 7 खाडे धरा. 313 मधून 20 गेले, 293 हजेऱ्या उरल्या: 1,87,520 रुपये, महिन्याला सरासरी 15,627. पगाराच्या नोकरीत हे वीस दिवस भरपगारी असतील तर 16,000 चे वर्षाला 1,92,000 होतात आणि नोकरी पुढे जाते. मात्र ते 16,000 सीटीसी, म्हणजे मालकाला तुमच्यावर पडणारा एकूण खर्च, आहेत का, हे आधी विचारा. सीटीसीत मालकाच्या वाट्याचा पीएफही धरलेला असतो. आणि रोजावर आहे म्हणून पीएफ लागू होत नाही, हा समज चुकीचा आहे.

उलट दिशेने, पगारावरून रोज काढताना खरा घोळ होतो: 26 ने भागायचं की 30 ने? 16,640 ला 26 ने भागलं तर 640, 30 ने भागलं तर 554.67. महिना 30 दिवसांचा धरला की रविवारचेही पैसे त्या पगारातच आहेत असं होतं. 26 धरले की सगळा पगार कामाच्या दिवसांवर पडतो. दोन्ही रीती चालतात, पण एका पगारात दोन वापरल्या की कामगाराचं नुकसान होऊ शकतं. खाडा कापताना 26 (640 रुपये गेले) आणि ओव्हरटाइम देताना 30, अशी स्लिप आली तर ती तिथेच धरा. ओव्हरटाइम दुप्पट दराने असतो. 26 च्या हिशेबाने तासाचे 160, 30 च्या हिशेबाने 138.67. महिन्यात 20 तास ओव्हरटाइम केला तर 427 रुपये कमी येतात.

ग्रॅच्युइटीत, म्हणजे नोकरी संपताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांत, मात्र हा प्रश्न केव्हाच मिटला आहे. 1980 साली दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 26 चा भागाकार मान्य केला, पुढे तो कायद्यातही आला. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना 15 ने गुणून 26 ने भागायचं, मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. वरचे 16,640 पूर्ण मूळ आणि भत्त्याचेच धरले तर दर वर्षाचे 9,600. कोणी 30 ने भागून 8,320 दाखवले, तर दहा वर्षांच्या नोकरीत 12,800 रुपये कमी मिळतात.

स्लिप हातात आली की खाड्याची कपात भागिले खाड्याचे दिवस करा, आणि ओव्हरटाइमची रक्कम भागिले तास करून त्याचं निम्मं काढा. दुसऱ्या आकड्याला आठने गुणल्यावर पहिला आकडा आला पाहिजे. आला नाही, तर ती स्लिप घेऊन हिशेबाच्या खिडकीवर जा आणि 26 की 30, एवढंच विचारा.