लहानपणी काढलेला निष्कर्ष: थेरपीतल्या एका कल्पनेची पार्श्वभूमी

थेरपीला, म्हणजे बोलून करायच्या मानसोपचाराला, येणारी काही माणसं पहिल्या सेशनपासूनच थेरपिस्टची काळजी घेऊ लागतात. ‘तुम्हाला कंटाळा तर येत नाही ना?’ असं मधूनच विचारतात, पाच मिनिटं उशीर झाला तर पुन्हा पुन्हा माफी मागतात, दिलेला गृहपाठ इतका नीटनेटका करून आणतात की त्यात त्यांचा स्वतःचा त्रास शोधूनही सापडत नाही. काहींचं याच्या अगदी उलट. जरा बरं वाटू लागलं, मोकळं बोलणं सुरू झालं, की पुढच्या दोन भेटी रद्द. बाहेरून पाहणाऱ्याला पहिला माणूस शहाणा वाटतो आणि दुसरा बेजबाबदार. थेरपिस्ट मात्र दोघांच्याही बाबतीत एकच प्रश्न मनात धरतो: लहानपणी या माणसानं स्वतःबद्दल आणि इतरांबद्दल असं काय ठरवून टाकलं, की आज असं वागण्यातच त्याला सुरक्षित वाटतं?

हा प्रश्न आज साधा वाटतो. पण तो या रूपात विचारता यायला शंभरेक वर्षं जावी लागली, आणि त्या सगळ्या काळात वाद एकाच मुद्द्याभोवती फिरत राहिला. लहानपणी जे घडलं ते महत्त्वाचं, की त्यावरून मुलानं जो निष्कर्ष काढला तो?

मनोविश्लेषणाचा, म्हणजे मनात नकळत दडलेलं बोलण्यातून शोधण्याच्या पद्धतीचा, पाया घालणाऱ्या व्हिएन्नातल्या सिग्मंड फ्रॉइडनं १८९६ मध्ये घटनेच्या बाजूनं ठाम भूमिका घेतली होती. हिस्टेरियाच्या (शरीरात कारण न सापडणाऱ्या झटक्यांसारख्या त्रासांच्या) मुळाशी बालपणीचा लैंगिक अत्याचार असतो, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९७ मध्ये, मित्र विल्हेल्म फ्लीसला लिहिलेल्या पत्रात त्यानं या सिद्धांतावरचा विश्वास उडाल्याचं कळवलं, आणि हळूहळू त्याचं लक्ष मुलाच्या मनातल्या इच्छांकडे आणि कल्पनांकडे वळलं. या वळणाची किंमत पुढे कित्येक पीडितांनी मोजली; त्यांनी सांगितलेलं खरं धरलंच गेलं नाही. तरीही भूतकाळ थेरपीच्या खोलीत कसा शिरतो, हे आधी नेमकेपणानं मांडलं तेही फ्रॉइडनंच. ऑक्टोबर १९०० मध्ये १८ वर्षांची होत आलेली एक मुलगी त्याच्याकडे उपचारासाठी आली आणि ३१ डिसेंबरला उपचार सोडून निघून गेली. १९०५ मध्ये तिची केस ‘डोरा’ या नावानं प्रसिद्ध करताना त्यानं कबूल केलं की तिच्या आयुष्यातल्या इतर माणसांबद्दलच्या भावना ती आपल्यावर आणत होती आणि ते आपल्या वेळेत लक्षात आलं नाही. पेशंट जुन्या नात्यांच्या नव्या आवृत्त्या थेरपिस्टबरोबर उभ्या करतो, हे ट्रान्सफरन्सचं सूत्र तिथून रुजलं. आज ती केस वाचताना मला डोराचं निघून जाणं अगदी समजण्यासारखं वाटतं. वडिलांच्या मित्रानं आपल्याशी लगट केल्याचं तिनं घरी सांगितलं, तेव्हा वडिलांनी तिचं ऐकलं नव्हतं; आणि इथे डॉक्टरही तिच्या नकारापलीकडे तिचा ‘खरा’ होकार शोधत बसला होता.

निष्कर्षाची बाजू घेतली ती फ्रॉइडचा सहकारी आल्फ्रेड ॲडलरनं. १९११ मध्ये तो फ्रॉइडच्या गटातून बाहेर पडला. अनुभव माणसाला घडवत नाही, अनुभवाला दिलेला अर्थ घडवतो, हा त्याचा पाया. साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत मूल आपली जगण्याची शैली ठरवून मोकळं होतं आणि पुढचं आयुष्य त्याच अंदाजावर चालवतं, असं तो मानत असे. तो पेशंटला सर्वात जुनी आठवण विचारायचा. ती जशीच्या तशी खरी आहे का, याची त्याला फिकीर नव्हती. हजारो प्रसंगांतून माणसानं नेमका हाच का जपून ठेवला, यात त्याला रस होता.

मुलाचा निष्कर्ष असा का निघतो, याचा धागा थेरपीच्या बाहेरच्या संशोधनानं दिला. १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्यांवर काम करताना जाँ पियाजेच्या लक्षात आलं की ठरावीक वयाची मुलं ठरावीक प्रकारेच चुकतात. चुकीच्या उत्तरांमागेही एक तर्क असतो. लहान मूल सगळ्या गोष्टींकडे स्वतःच्याच जागेवरून पाहतं. घरात भांडण झालं तर ‘माझ्यामुळेच झालं’ हा त्याचा हिशेब त्या वयाला धरूनच असतो. पुढे १९३२ मध्ये केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेटनं दाखवलं की वाचलेली अपरिचित गोष्ट आठवून सांगताना माणसं ती आपल्या मनात आधीपासून असलेल्या चौकटीत बसवतात. न बसणारे तपशील गळतात किंवा बदलतात. या चौकटीसाठी त्यानं वापरलेला ‘स्कीमा’ हा शब्द थेरपीत यायला मात्र बराच काळ जावा लागला.

या इतिहासात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो एडिंबरामधल्या मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबेर्नचा १९४३ मधला निबंध. घरात अत्याचार सोसलेल्या मुलांबरोबर त्यानं काम केलं होतं. त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. ही मुलं ‘माझे आईवडील वाईट आहेत’ असं म्हणायला काही केल्या तयार होत नसत. ‘मीच वाईट आहे’ हे मात्र सहज मान्य करत. फेअरबेर्ननं त्यामागचं कारण शोधलं. मुलाला आईवडिलांवाचून जगता येत नाही. ज्यांच्यावर सगळं अवलंबून आहे तेच वाईट असतील, तर सुटकेचा मार्गच उरत नाही. पण दोष माझा असेल, तर मी सुधारेन आणि मग तरी माझ्यावर प्रेम होईल, ही आशा शिल्लक राहते. सैतानाच्या राज्यात राहण्यापेक्षा देवाच्या राज्यात पापी म्हणून राहणं बरं, अशा अर्थाचं त्याचं वाक्य मनोविश्लेषणात वारंवार उद्धृत केलं जातं.

हे एकदा लक्षात आलं की प्रौढ माणसाच्या ‘मी नालायक आहे’ या धारणेकडे बघायची नजरच बदलते. ती काही विचारातली चूक नाही. ते एका लहान मुलानं हाती असलेल्या पुराव्यावर काढलेलं उत्तर आहे, आणि त्या उत्तरानं त्याचं नातं वाचवलेलं आहे. म्हणूनच ‘तुम्ही तर किती हुशार आहात’ असं सांगून ती धारणा हलत नाही. ती सोडायची म्हणजे आईवडिलांबद्दलची जपलेली आशाही सोडायची, आणि ते दुःख चाळिशीतल्या माणसालाही पेलत नाही.

लंडनमध्ये मनोविश्लेषक जॉन बोल्बीनं जवळपास त्याच प्रश्नाला वेगळ्या बाजूनं हात घातला. आईपासून दुरावलेल्या मुलांवरचा त्याचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेनं १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. १९६९ पासून आलेल्या अटॅचमेंटवरच्या, म्हणजे मुलाच्या आपल्या माणसांशी असलेल्या ओढीवरच्या, तीन खंडांत त्यानं म्हटलं की मूल आपल्या माणसांच्या वागण्यावरून मनात एक कामचलाऊ नमुना तयार करतं: मी हाक मारली तर कुणी येतं का, आणि कुणी यावं इतकी माझी किंमत आहे का. ही कल्पना त्यानं मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेकच्या १९४३ मधल्या पुस्तकातून घेतली होती. फ्रॉइडच्या परंपरेत वाढूनही बोल्बी प्रत्यक्ष घटनांना धरून राहिला, आणि त्यासाठी त्याला आपल्याच सहकाऱ्यांचा विरोध सोसावा लागला.

अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये ॲरन बेक हा मनोविश्लेषणाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर होता. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, हे तत्कालीन मत सिद्ध करण्यासाठी त्यानं पेशंटची स्वप्नं तपासली. त्यात राग सापडला नाही. हरलेली, नाकारली गेलेली, काहीतरी गमावलेली माणसं सापडली. त्याच सुमाराचा त्यानं सांगितलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एक पेशंट आपल्या लैंगिक आयुष्याबद्दल बोलताना अस्वस्थ होत होती. विषयच नाजूक आहे म्हणून ती अस्वस्थ असणार, असा बेकनं अर्थ लावला. विचारल्यावर कळलं की बोलताना पूर्ण वेळ तिच्या मनात एकच चाललं होतं: मी यांना कंटाळा आणतेय. उघड बोलण्याच्या खाली वाहणारे हे झटपट विचार, त्यांच्या खाली ‘असं झालं तर तसं होईल’ असे नियम, आणि तळाशी मूळ धारणा, अशी रचना बेकनं १९६० च्या दशकापासून मांडत नेली. मूळ धारणा बहुधा दोन प्रकारच्या असतात: मी असमर्थ आहे, किंवा माझ्यावर कुणी प्रेम करणार नाही.

बेकला हे स्वतःच्या आयुष्यातूनही ठाऊक होतं. लहानपणी हात मोडून जंतुसंसर्ग झाला, तो मरता मरता वाचला, शाळा बुडाली, वर्ष मागे पडलं. आपण मठ्ठ आहोत हे त्यानं मनाशी पक्कं केलं. पुढे जिद्दीनं अभ्यास करून तो वर्गसोबत्यांच्या पुढे गेला, तेव्हा ती समजूत खोटी ठरली. त्याच्या पद्धतीत पुरावा गोळा करण्यावर एवढा भर का आहे, याचं एक उत्तर मला इथे दिसतं.

पण पुरावा प्रत्येकाला पुरत नाही. बेकचा सहकारी जेफ्री यंग याला असे पेशंट भेटत राहिले की ज्यांना बुद्धीनं सगळं पटायचं आणि तरी आतून काहीच बदलायचं नाही. १९९० पासून त्यानं स्कीमा थेरपी मांडली. बालपणीच्या मूलभूत गरजा अपुऱ्या राहिल्या की घट्ट बसणाऱ्या अठरा स्कीमांची यादी त्यानं केली, आणि माणूस त्यांच्याशी तीन तऱ्हांनी वागतो असं दाखवलं: शरण जातो, टाळतो, किंवा उलट टोकाला जाऊन भरपाई करतो. टाकून दिलं जाण्याची भीती असलेला एक जण थेरपिस्टला चिकटून राहतो, दुसरा कुणाला जवळच येऊ देत नाही, तिसरा आधीच भांडून स्वतः निघून जातो. स्कीमा एकच. थेरपिस्ट क्रिस्टीन पाडेस्कीनं १९९० मध्येच अशा धारणेची तुलना पूर्वग्रहाशी केली होती: एखाद्या समाजाबद्दल पूर्वग्रह असलेला माणूस विरोधी पुरावा ‘अपवाद’ म्हणून बाजूला सारतो, तसंच आपण स्वतःबद्दल करतो. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वविकारावर (ज्यात भावना आणि नाती सतत टोकाला जातात) नेदरलँड्समध्ये तीन वर्षं चाललेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्कीमा थेरपी ट्रान्सफरन्सवर आधारलेल्या उपचारापेक्षा सरस ठरली, आणि उपचार मध्येच सोडणारेही तिच्यात कमी होते.

पेशंट थेरपीत असा का वागतो, याचं सगळ्यात धाडसी उत्तर मात्र सॅन फ्रान्सिस्कोतून आलं, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. जोसेफ वाइस आणि हॅरोल्ड सॅम्पसन या मनोविश्लेषकांनी १९७२ मध्ये माउंट झायन रुग्णालयात एक संशोधन गट सुरू केला. त्यांचं म्हणणं असं: पेशंटला आपल्या जाचक धारणा खोट्या ठरायला हव्या असतात, आणि त्यासाठी तो नकळत थेरपिस्टची परीक्षा घेतो. ‘मी स्वतंत्र झालो तर आईला त्रास होईल’ असं मानणारा माणूस थेरपिस्टच्या मताला हळूच विरोध करून बघतो: हा दुखावला जातो का? कधी तो भूमिका उलटवतो. लहानपणी वडिलांनी जसं घालून पाडून बोललं तसं थेरपिस्टला बोलतो आणि हा माणूस ते कसं झेलतो ते निरखतो. थेरपिस्ट परीक्षेत उतरला की पेशंटची भीती कमी होते आणि आजवर दाबलेलं काहीतरी वर येतं. या गटानं हे केवळ मत म्हणून सोडलं नाही. ‘मिसेस सी’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पेशंटच्या ध्वनिमुद्रित मनोविश्लेषणातली पहिली शंभर सेशन्स त्यांनी तपासली. उपचार करणाऱ्याला हा सिद्धांत ठाऊकही नव्हता. फ्रॉइडच्या जुन्या मांडणीवरून आणि वाइसच्या मांडणीवरून वेगवेगळी भाकितं निघत होती. निरीक्षणं वाइसच्या बाजूला झुकली. ज्याला आपण पेशंटचा आडमुठेपणा म्हणत होतो, त्यात बरं होण्याची धडपड असू शकते, हे मला या क्षेत्रातलं सर्वात माणुसकीचं निरीक्षण वाटतं.

त्रासाचं मूळ बालपणात शोधण्याच्या या कल्पनेनं नुकसानही केलं. प्रत्येक त्रासामागे बालपणीचा विसरलेला प्रसंग असणारच, अशा समजुतीतून १९८० आणि १९९० च्या दशकांत काही थेरपिस्टांनी संमोहन आणि सूचना वापरून ‘दडपलेल्या आठवणी’ वर काढल्या. त्यातून कुटुंबं मोडली, खटले उभे राहिले. १९९५ मध्ये स्मृतीवर संशोधन करणाऱ्या एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलीन पिकरेल यांनी २४ जणांना, लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होता, अशी न घडलेली गोष्ट खऱ्या प्रसंगांत मिसळून सांगितली. साधारण पाव लोकांना ती थोडी किंवा पूर्ण ‘आठवली’. दुसरीकडे १९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट ॲंडा या डॉक्टरांच्या पाहणीनं दाखवलं की बालपणीचे आघात जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्याचा, व्यसनांचा आणि शारीरिक आजारांचाही धोका जास्त. म्हणजे घटना बिनमहत्त्वाची नाही. आणि हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नरनं दशकानुदशकं मागोवा घेतला, तेव्हा फार बिकट परिस्थितीतल्या मुलांपैकीही जवळपास एक तृतीयांश जण सक्षम, प्रेमळ प्रौढ झालेले दिसले. त्यांच्या आयुष्यात बहुधा निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. तेच बालपण, पण निष्कर्ष काढायला हाताशी आणखी एक पुरावा.

या सगळ्या परंपरेची एक मर्यादा थेरपिस्टनं डोळ्यांसमोर ठेवायलाच हवी. ‘तोंड उघडलं तर मार बसेल’ ही धारणा लहानपणी तयार झाली असली, तरी ज्या बाईला आजही घरी मारहाण होते तिच्या बाबतीत ती आजही खरी आहे. अशा वेळी धारणेचा पुरावा तपासायला सांगणं म्हणजे तिच्यावर पुन्हा अविश्वास दाखवणं, जसा डोराच्या बाबतीत दाखवला गेला. तिथे आधी सुरक्षित जागा, पैसा, कायद्याची मदत आणि सोबतीची माणसं यांची व्यवस्था लावावी लागते. बालपणाबद्दल बोलणं त्यानंतर, आणि तिची इच्छा असेल तरच.