डिझेल पिकअपचं गिअर ऑइल आणि एटीएफ: पर्यायी ग्रेडमागची पार्श्वभूमी

डिझेल पिकअपच्या गिअरबॉक्समध्ये किंवा अॅक्सलमध्ये कंपनीने सांगितलेल्या तेलाऐवजी दुसरं घालायचं म्हटलं, की डब्यावरच्या नावांचा गुंता समोर येतो. जीएल-४ आणि जीएल-५ ही गिअर ऑइलची नावं; डेक्स्रॉन, मर्कॉन, एटीएफ+४, टीईएस-२९५ ही एटीएफची, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाची. यातली बहुतेक नावं कुठल्या तरी जुन्या बिघाडातून किंवा टंचाईतून आली आहेत. ती अडचण काय होती हे माहीत असलं, तर कुठलं तेल कुठे चालेल आणि कुठे गिअर खराब करेल, हे बरंचसं डबा वाचूनच कळतं.

सुरुवात अॅक्सलपासून. १९२० च्या दशकात ग्लीसन कंपनीने हायपॉइड दाते बनवण्याची पद्धत आणली आणि पॅकार्डने ती मोटारीत वापरली. पिनियन (इंजिनकडून येणारा छोटा गिअर) क्राउनच्या (चाकांकडच्या मोठ्या गिअरच्या) मध्यरेषेखाली गेल्यामुळे गाडीची उंची कमी करता आली. पण अशा दात्यांमध्ये नुसतं लोळणं नसतं, दाते एकमेकांवर लांबपर्यंत घासत सरकतात. साधं खनिज तेल त्या दाबाखाली पिळून बाहेर जातं आणि दात्यांचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटून ओरबाडले जातात. त्यावर उपाय म्हणून आधी शिशाचा साबण आणि गंधक, मग क्लोरीन आणि शेवटी गंधक-फॉस्फरस असे घटक तेलात आले. दाता तापला की हे घटक लोखंडाशी रासायनिक क्रिया करतात आणि त्यावर स्वतः झिजून दात्याला वाचवणारा पातळ थर तयार होतो. अमेरिकन लष्कराने १९४६ मध्ये एमआयएल-एल-२१०५ आणि १९६२ मध्ये त्याहून कडक २१०५बी हे मानक काढलं. ढोबळमानाने पहिलं म्हणजे आजचं जीएल-४ आणि दुसरं म्हणजे जीएल-५. जीएल-५ मध्ये या घटकांचं प्रमाण साधारण दुप्पट असतं.

जे रसायन लोखंडाला वाचवतं, तेच तापल्यावर तांब्यालाही धरतं. गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझर (गिअरांचे वेग जुळवणाऱ्या) रिंगा पितळेच्या किंवा कांस्याच्या असतील तर त्यांचा पृष्ठभाग काळवंडतो आणि कण सुटायला लागतात. तांब्याची पट्टी १२१ अंश सेल्सियसच्या तेलात ३ तास बुडवून ठेवायची चाचणी याचसाठी आहे. तिच्या निकालपत्रात १ म्हणजे जवळपास स्वच्छ पट्टी आणि ४ म्हणजे काळी पडून खाल्लेली. जीएल-५ ला ३ पर्यंत मुभा आहे. अवजड ट्रकांच्या सिंक्रो नसलेल्या गिअरबॉक्ससाठीचं एमटी-१ मानक मात्र २ए पर्यंतच थांबतं. आजची बरीच जीएल-५ तेलं पितळेला पूर्वीइतकी मारक नाहीत, हे खरं. तरीही मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ती घालू नयेत, आणि त्याचं मोठं कारण वेगळंच आहे: घर्षण.

सिंक्रो रिंग हा एक छोटा शंकूच्या आकाराचा क्लच आहे. गिअर टाकताना रिंगेच्या आतल्या बारीक चऱ्यांनी शंकूवरचं तेल कापून बाजूला सारायचं असतं, मग धातूला धातू लागून दोघांचा वेग जुळतो. हे सगळं सेकंदाच्या काही भागात व्हावं लागतं. तेल फार निसरडं असेल तर रिंग पकड घेत नाही, वेग जुळण्याआधीच स्लीव्ह (गिअर जोडणारी सरकती बाही) पुढे जाते आणि दाते कर्रकन वाजतात. तेल फार दाट असेल तर थंडीत पहिले काही किलोमीटर तोच प्रकार, कारण तेल कापलं जायला वेळ लागतो. उलट फार पातळ असेल तर गिअर लोण्यासारखे पडतात, पण भार ओढताना दात्यांमधला आणि बेअरिंगमधला थर टिकत नाही. डिझेलमध्ये ही दुसरी बाजू जास्त महत्त्वाची, कारण टॉर्क कमी आरपीएमलाच येतो आणि तोही झटक्यांनी.

कमिन्स डिझेल इंजिन असलेल्या डॉज पिकअपच्या मॅन्युअल गिअरबॉक्सांकडे ओळीने पाहिलं तर हीच ओढाताण दिसते. १९८९ पासूनच्या गेट्राग पाच-स्पीडमध्ये चक्क पातळ इंजिन ऑइल होतं. १९९४ मध्ये एनव्ही४५०० आला, त्याला ३.८ लिटर सिंथेटिक जीएल-४, म्हणजे १०० अंशांवर ११ ते १३.५ सेंटीस्टोकच्या (सेंटीस्टोक हे तेलाच्या दाटपणाचं माप) पट्ट्यातलं तेल. पुढे सहा-स्पीड एनव्ही५६०० ला त्याच जातीचं ४.५ लिटर. आणि २००५ च्या मध्यापासून जी५६ मध्ये एकदम एटीएफ+४, साधारण ७.५ सेंटीस्टोकचं. पातळ तेलाने थंडीत गिअर सहज पडतात आणि इंधनही थोडं वाचतं. पण जड ट्रेलर ओढणाऱ्यांना न्यूट्रलमध्ये गिअरांची खडखड ऐकू यायला लागली आणि तेल तापण्याच्या तक्रारी आल्या. त्यातून काही जण थेट अवजड ट्रकांच्या सिंथेटिक एसएई ५० (एसएई ही दाटपणाच्या ग्रेडची मोजपट्टी) कडे वळले. आमच्या मते मधला रस्ता जास्त शहाणपणाचा: ९ ते १० सेंटीस्टोकचं, सिंक्रोसाठीच बनवलेलं मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड. कायम उष्ण हवेत आणि कायम भाराखाली चालणाऱ्या गाडीलाच एसएई ५० शोभतं.

एक गोष्ट तेलाने सुटत नाही, तीही सांगायला हवी. डॉजच्या एनव्ही४५०० मध्ये मेन शाफ्टवरचा पाचव्या गिअरचा नट ढिला होतो आणि पाचवा गिअर जातो. त्याचं मूळ इंजिनच्या झटक्यांमध्ये आहे. महागातलं तेल घालून तो नट घट्ट होत नाही.

आकड्यांचाही एक जुना सापळा आहे. गिअर ऑइलची आणि इंजिन ऑइलची एसएई मोजपट्टी वेगवेगळी आहे. इंजिनचं एसएई ५० हे १६.३ ते २१.९ सेंटीस्टोक, म्हणजे जवळपास गिअर ऑइलच्या ९० इतकंच दाट. त्यामुळे गेट्रागमधलं इंजिन ऑइल बदलून ९० घालणारा माणूस आकड्यांवरून वाटतं त्याहून लहान उडी मारत असतो. त्यात पूर्वी ९० या एकाच नावाखाली १३.५ पासून २४ पर्यंतचं कुठलंही तेल बसायचं. २००५ च्या सुधारणेत त्या पट्ट्याचे तुकडे झाले: १८.५ पर्यंत ९०, त्यापुढे ११०. म्हणून ग्रेडवर थांबू नका. तेलाच्या माहितीपत्रकात १०० अंशांवरचा आकडा छापलेला असतो, तुलना त्याचीच करा.

ऑटोमॅटिकची कहाणी जनरल मोटर्सच्या १९४९ च्या टाइप ए पासून सुरू होते. त्या काळच्या एटीएफमध्ये क्लच हळुवार लागावा म्हणून स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. १९७० नंतर अमेरिकेत तो देवमासा संरक्षित झाला, पर्यायी घटक शोधावे लागले आणि डेक्स्रॉन-२ आलं. त्याच्या सी आवृत्तीने कूलरमधल्या झाळणीला गंज चढवला, म्हणून गंजरोधक घालून डी आवृत्ती काढावी लागली. फोर्डची टाइप एफ वेगळ्याच वाटेने गेली. तिच्यात घर्षण कमी करणारे घटक नव्हते, क्लच शेवटच्या क्षणी घट्ट धरायचा आणि गिअर झटक्याने पडायचा. दोन्ही लाल, दोन्ही जवळपास सारखीच पातळ, आणि तरीही अदलाबदल केली की एकात क्लच घसरायचा, दुसऱ्यात धक्के बसायचे. एटीएफच्या बाबतीत दाटपणा जुळला म्हणजे तेल जुळलं असं होत नाही, ते इथूनच. पुढे टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लच मुद्दाम थोडा घसरता ठेवायला लागले. तेलाचा घर्षणगुण उतरला की गाडी ओबडधोबड रस्त्यावरून जावी तशी थरथरते. मर्कॉन-५ आणि एटीएफ+४ यांचा भर हा गुण दीर्घकाळ टिकवण्यावर आहे.

२००१ च्या ड्युरामॅक्स (जनरल मोटर्सचं डिझेल इंजिन) पिकअपमधल्या अॅलिसन १००० या ऑटोमॅटिकला डेक्स्रॉन-३ चालायचं. २००६ पासून डेक्स्रॉन-६ आलं. ते नवं असतानाच जास्तीत जास्त ६.४ सेंटीस्टोक असतं, पण वापरात पातळ होत नाही, जुनं मात्र हळूहळू खाली यायचं. डेक्स्रॉन-३ चे परवाने २००६ अखेर संपले. आज त्या नावाने मिळणाऱ्या डब्याची जबाबदारी फक्त भरणाऱ्याची, मूळ कंपनीची तपासणी त्यावर नाही. अॅलिसनमध्ये जड काम असेल तर टीईएस-२९५ (अॅलिसनचं स्वतःचं मानक) मंजुरीचं सिंथेटिक हा खरा पर्याय. या गिअरबॉक्सचा फिल्टर बाहेरून फिरवून काढता येतो आणि त्यावर गोल चुंबक असतो. नव्या फिल्टरवर तो आठवणीने बसवा, जुन्यासोबत फेकला जातो.

रॅमची (डॉजच्या पिकअपचं नंतरचं नाव) २०१३ ते २०२४ मधली डिझेल ऑटोमॅटिक गाडी असेल तर आधी गिअरबॉक्स कुठला ते पाहा. ६८आरएफई ला एटीएफ+४, पण आयसिनच्या एएस६९आरसी ला त्याचंच खास तेल. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्या दिसतात. इथे पर्याय शोधू नये.

अॅक्सलमध्ये मोकळीक जास्त आहे. जीएल-५ कायम ठेवून ७५डब्ल्यू-९० ऐवजी ७५डब्ल्यू-१४० घातलं तर सतत ट्रेलर ओढणाऱ्याला फायदा, रिकाम्या गाडीत फक्त ओढ वाढते. क्लच प्लेटवालं लिमिटेड-स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी अॅक्सलमधली यंत्रणा) असेल तर फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण कमी करणारा घटक) लागतो, नाहीतर वळणावर मागून घरघर आणि उचकी बसल्यासारखे झटके येतात. तो आधीच मिसळलेला आहे का, हे डब्यावर पाहून मगच वेगळी बाटली घाला. २००३ नंतरच्या डॉजमधल्या एएएम (अमेरिकन अॅक्सल कंपनी) अॅक्सलच्या लिमिटेड-स्लिपमध्ये गिअरच काम करतात, त्यात मॉडिफायर घालू नका.

बदलताना तेल कोमट असू द्या आणि ड्रेन प्लगला हात लावण्याआधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा. तो जाम निघाला आणि खालचं तेल सांडून झालेलं असलं, तर गाडी जागेवरच अडकते. चुंबकावर राखाडी, शाईसारखा बारीक लगदा ही नेहमीची झीज. बोटांत टोचणारे तुकडे निघाले तर तेलाचा विचार बाजूला ठेवून हाउसिंग उघडा. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या निघालेल्या तेलात उन्हात सोनेरी चमक दिसली तर ती पितळेची आहे, आणि त्या गिअरबॉक्समध्ये आधी कुठलं ग्रेड होतं हे शोधून काढल्याशिवाय नवं भरू नका.