नवी मोटरहोम सदोष निघाली तर : इंदोरहून तक्रार कशी करावी, कोण करू शकतं, कागद कोणते

पहिल्या पावसात मांडूला जावं, जाम घाटात सर गाठावी आणि नव्याकोऱ्या मोटरहोममधल्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीतल्या, पलंगावर छतातून पाणी टपकावं. अशा वेळी माणूस आधी डीलरला फोन लावतो आणि तासभर भांडतो. त्या फोनचा पुढे काडीचा उपयोग होत नाही. गाडी वर्कशॉपला न्या आणि जॉब कार्ड, म्हणजे दुरुस्तीला गाडी घेतल्याचा वर्कशॉपचा कागद, बनवून घ्या. त्यावर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहायला लावा. ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका. एकच दोष तीनदा आला तर तीन जॉब कार्डं हवीत. प्रत्येक वेळी किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि गाडी ताब्यात दिल्या-घेतल्याच्या तारखा नोंदवा. पुढचा सगळा खटला या चार-पाच कागदांवर उभा राहतो.

मोटरहोमचा गुंता साध्या कारपेक्षा मोठा असतो. आपल्याकडे चासिस, म्हणजे इंजिन-चाकांसह खालचा सांगाडा, एका कंपनीची असते आणि त्यावर घर चढवणारा बॉडी बिल्डर बहुतेकदा दुसराच. आतला फ्रिज, इन्व्हर्टर, एसी यांची वॉरंटी पुन्हा निराळी. चासिसवाला बॉडीकडे बोट दाखवतो, बॉडीवाला एसीकडे. म्हणून सगळी बिलं आणि सगळी वॉरंटी कार्डं वेगवेगळी सांभाळा आणि तक्रारीत ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना विरुद्ध पक्ष करा. मात्र ‘सगळे दोषी’ असं मोघम लिहू नका. डीलरच्या प्रत्येक चुकीला उत्पादक आपोआप जबाबदार ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. कोणी काय केलं किंवा केलं नाही, हे प्रत्येकाच्या नावापुढे स्वतंत्र लिहा.

तक्रार करायचा हक्क ‘ग्राहका’ला आहे, म्हणजे स्वतःच्या वापरासाठी गाडी घेणाऱ्याला. गाडी पर्यटकांना भाड्याने देण्याचा धंदा असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दार बहुधा बंद होतं. अपवाद एकच : स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी. पिवळी पाटी असेल तर हा प्रश्न पहिल्याच तारखेला विचारला जाईल, तेव्हा उत्तर तक्रारीतच लिहून ठेवा. गाडी कर्जावर असली तरी ग्राहक तुम्हीच. रागाच्या भरात हप्ते मात्र थांबवू नका. बँकेने तुम्हाला गाडी विकलेली नाही.

जॉब कार्डांनंतर लेखी नोटीस पाठवा. ती कायद्याने सक्तीची नाही, पण पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवलेली बरी. त्याच काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे दंड होत नाही, तडजोडीचा प्रयत्न होतो. कधीकधी तेवढ्यानेही काम होतं.

आता इंदोरकरांच्या सगळ्यात कामाची गोष्ट. आपल्यातले कितीतरी लोक गाडी पुण्यातून आणतात. नातेवाईक तिकडे, बॉडीवालेही तिकडे. मग वाटतं, तारखांना पुण्याला जावं लागणार. तसं नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा कमावतो, तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पत्त्याचा पुरावा इंदोरचा हवा, एवढंच.

मराठीत आपण ‘ग्राहक आयोग’ म्हणतो. इथल्या पाटीवर ‘जिला उपभोक्ता विवाद प्रतितोषण आयोग’ असं लिहिलेलं असतं, तक्रारीला ‘परिवाद’ म्हणतात आणि तक्रारदार होतो ‘परिवादी’. कागद हिंदीत करा. पुण्याच्या विक्रेत्याशी मराठीत झालेला व्हॉट्सॲपवरचा संवाद जोडणार असाल तर त्याचा हिंदी अनुवादही लावा. शिवाय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडलं की आक्षेपाला जागा उरत नाही.

कोणता आयोग, हे तुम्ही मोजलेल्या किमतीवर ठरतं. मागितलेली भरपाई त्यात धरत नाहीत. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत भोपाळचा राज्य आयोग, त्यापुढे दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. चासिस आणि बॉडीची बिलं एकाच तक्रारीत आणत असाल तर आधी बेरीज करा. शुल्क ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००, एक कोटीपर्यंत २,०००. वकील लागतोच असं नाही. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनही भरता येते.

सोबत बिलं, आरसी, विमा, वॉरंटी, जॉब कार्डं, नोटीस व तिची पोच, पत्त्याचा पुरावा, फोटो-व्हिडिओ, घटनाक्रम आणि शपथपत्र. मुदत दोन वर्षांची. डीलरकडे मारलेल्या चकरांनी ती वाढेल या भरवशावर राहू नका. उशीर झालाच तर कारणासह माफीचा वेगळा अर्ज लागतो.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४५ दिवसांच्या पुढे आयोगही मुदत वाढवू शकत नाही. विरुद्ध पक्षाचा हमखास बचाव : ‘दोष कारखान्यातला नाही, वापरातला आहे.’ इथेच बरेच जण हरतात, कारण हातात तज्ज्ञाचा अहवाल नसतो. चाचणीशिवाय दोष ठरत नसेल तर गाडी योग्य प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवा, असा अर्ज आयोगाकडे सुरुवातीलाच द्या. फी बहुधा तुम्हालाच आधी भरावी लागते. चाचणी असेल तर निकाल पाच महिन्यांत आणि नसेल तर तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ धरून चाला.

मागण्या क्रमाने लिहा : दोष दूर करा, नाहीतर गाडी बदला, नाहीतर व्याजासह पैसे परत करा, शिवाय मनस्ताप आणि खर्चाची भरपाई. फक्त ‘पैसे परत’ एवढंच मागून अडून बसणं मला शहाणपणाचं वाटत नाही. भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलून मिळेलच असं नाही, हे २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. छताची गळती तीनदा सील करूनही थांबली नाही हे जॉब कार्डांवर दिसलं, तर मात्र परताव्याची बाजू भक्कम होते.

निकाल तुमच्या बाजूने लागूनही पैसे आले नाहीत तर अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. निकाल विरोधात गेला तर भोपाळला अपील करायला ४५ दिवस असतात आणि ते आदेशाच्या तारखेपासून मोजतात. त्यामुळे आदेशाची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या.