गोळ्यांवरची पांढरी बुरशी, जी बुरशी नाहीच

रावेरकडे माझा एक मित्र आहे, केळीचा व्यापारी, स्वतःचं रायपनिंग चेंबर आहे त्याचं. त्याला हल्ली परदेशातल्या लिलावांचे फोटो बघायचं वेड लागलंय. परवा रात्री साडेअकराला त्याने एका जुन्या रिव्हॉल्व्हरचा फोटो पाठवला. ओकच्या लाकडाची पेटी, आत हिरवी बनात म्हणजे जाड लोकरी कापड, कप्प्याकप्प्यात दारूचा तांब्याचा चंबू, गोळ्या ओतायचा साचा, टोप्यांची डबी, आणि मधोमध वेलबुट्टी कोरलेलं रिव्हॉल्व्हर. खाली प्रश्न, "भो, हेच बिनपेटीचं स्वस्तात भेटते, मंग पेटीचे येवढे पैसे काऊन?" आणि दुसरा प्रश्न, "गोळ्यांना बुरशी लागली का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यातच आहे, पण आधी हे यंत्र काय ते थोडक्यात. ही धातूच्या काडतुसाच्या आधीची बंदूक. चक्राच्या प्रत्येक घरात पुढून दारू भरायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची, आणि मागच्या बारक्या नळीवर तांब्याची टोपी चढवायची, लहानपणी दिवाळीत टिकल्या फोडायचो ना, तत्त्व तेच. टोपीत पाऱ्याचं फुल्मिनेट असायचं, ठोका बसला की भडकणारं, हे रसायन हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०० साली मांडलं, आणि ठोक्याने पेटणाऱ्या चापाचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं फोर्सिथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याने, कारण चकमकीच्या बंदुकीची ठिणगी दिसली की पक्षी उडून जायचे! पुढे १८३६ मध्ये सॅम्युअल कोल्टने अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं. त्याच्या १८५१ च्या नेव्ही मॉडेलच्या चक्रावर टेक्सास आणि मेक्सिकोच्या १८४३ च्या समुद्री लढाईचं चित्र आहे. ते हाताने कोरलेलं नाही, रोलर दाबून उठवलेलं आहे. हाताची कोरणी वेगळी, ती जळगावच्या सराफ बाजारात एखादा जुना कारागीर बांगडीवर वेल काढताना बघितला असेल तर लगेच कळते, रेघ कुठे जाड होते कुठे बारीक, हात दिसतो त्यात.

आता पेटी. मित्राला मी म्हटलं, तुझं चेंबर आठव. बंद खोलीत केळीतून इथिलीन वायू निघतो, तो बाहेर जात नाही, साचतो, आणि सगळा माल भराभर पिकतो. ओकची पेटी म्हणजे असंच चेंबर, फक्त इथे वायू लाकडातून येतो आणि पिकतं ते शिसं.

लाकडात सेल्युलोजच्या जोडीला हेमिसेल्युलोज असतं आणि त्याला ॲसिटिल नावाचे गट चिकटलेले असतात. हवेतल्या दमटपणाने ते हळूहळू सुटतात आणि तयार होतं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे आपलं व्हिनेगर. सगळ्याच लाकडात हे थोडंफार होतं पण ओक यात बदनाम आहे, महोगनी त्यामानाने गरीब. झाकण बंद असलं की वाफ आतच कोंडते. ती शिशावर बसते, हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने लेड ॲसिटेट बनतं, मग त्यावर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी येतं आणि पांढरं बेसिक लेड कार्बोनेट तयार होतं. आणि खरी गंमत इथे आहे, या शेवटच्या पायरीला ॲसिटिक ॲसिड परत मोकळं होतं! म्हणजे तेवढंच ॲसिड पुन्हा नवीन शिशाला भिडायला तयार. ते खर्चच होत नाही, नुसतं दलालासारखं सौदे जुळवत फिरतं, म्हणून थोडीशी वाफ दीडशे वर्षं पुरते. गोळी फुगते, पापुद्रे सुटतात, शेवटी हातात येतं पांढरं पीठ.

हे पीठ म्हणजे रंगवाल्यांचा जुना सफेदा. हॉलंडमध्ये पूर्वी तो मुद्दाम असाच बनवायचे, मडक्यात व्हिनेगर, वर शिशाच्या पट्ट्या आणि उबेसाठी आजूबाजूला शेणखत. तेव्हा बुरशी समजून फुंकर मारू नका, हे विष आहे. त्याच धर्तीवर चंबूजवळ बनातीवर हिरवट डाग पडतो, पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं ना, त्याचाच चुलतभाऊ.

हे डाग, दाबाच्या खुणा, सगळं मिळून पेटी साक्ष देते की ही बंदूक इथेच राहिली, पेटीचे जास्तीचे पैसे या साक्षीचे. नाहीतर जुनी बंदूक आणि नवी पेटी असं लग्न लावून देणारे भरपूर आहेत. बनातीवर नोटा तपासायचा जांभळा दिवा मारून बघायचा, नव्या कापडात चमक आणणारी रसायनं असतात, ती निळसर पांढरी चमकतात, जुनी लोकर तशी चमकत नाही. अर्थात कोणी हौसेने बनात साबणाच्या पावडरीने धुतली असेल तर तीही चमकेल, तेव्हा एका चाचणीवर भरवसा नको. नक्षीचंही तसंच, गंजाच्या खड्ड्यावरून रेघ गेली असेल तर नक्षी गंजानंतरची. टोपी बसते त्या नळीभोवती खड्डे असले तर बंदूक चाललेली आहे, कारण टोपीत फुल्मिनेटबरोबर बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोरेटही असायचं, उडाल्यावर त्याचं क्लोराइड राहतं आणि ते पावसाळ्यातल्या मिठासारखं पाणी ओढतं.

पाऱ्याचा विषय निघालाच आहे तर, त्याच मित्राच्या ग्रुपवर फिरतंय की जुन्या बंदुकीत 'रेड मर्क्युरी' असतं आणि त्याला कोटींचा भाव आहे. काही नसतं हो! रेड मर्क्युरी नावाचा असला पदार्थच नाही, आणि फुल्मिनेट लाल नसतं, पांढरं किंवा करडं असतं. तांदूळ ओढणाऱ्या चमत्कारी भांड्याच्या थापेत पैसे घालवलेली माणसं आपल्याकडे कमी आहेत का, त्यात ही भर. वर जुनी टोपी ठोकून बघायला गेलात तर ती अजून जिवंत असू शकते, बोट जाईल.

आणि वाड्याच्या माळ्यावर खरंच असं काही निघालं तर आधी पोलिस स्टेशनला कळवा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला, आणि ते आपण घरी बसून ठरवायचं नसतं.

हे सगळं लिहून पाठवलं. मित्राचं उत्तर सकाळी आलं, "मंग गोया कुठी ठेवायच्या?"

पेटीबाहेर, काचेच्या बरणीत. लोणच्याची नको म्हटलं, तिच्यात परत व्हिनेगर.