गाडी तीन तास लेट, म्हणजे भाडं परत?

‘रेल्वेगाडी तीन तास लेट झाली की पूर्ण भाडं परत मिळतं’ असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. तीन तासांचा आकडा खरा आहे, पण अटी गळल्यात. उशीर मोजतात तो तुम्ही चढणार त्या स्टेशनवरचा. शिवाय तुम्ही प्रवास केलेला नसावा. कल्याणला वेळेवर चढून नागपूरला पाच तास उशिरा उतरलात, तर या नियमाने काहीच मिळत नाही. जायचंच नसेल, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी ई-तिकिटासाठी ऑनलाइन टीडीआर, म्हणजे भाडं परत मागण्याचा अर्ज, भरायचा (घाईत नेमकं हेच राहतं). खिडकीवरचं तिकीट खिडकीवरच परत करायचं. कन्फर्म तत्काळलाही हे लागू आहे. खात्री करायची तर टीडीआरमधली कारणांची यादी उघडा: ‘गाडी तीन तासांहून जास्त लेट’ याला जोडूनच ‘आणि प्रवास केला नाही’ अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलेलं दिसेल.